पारूच्या कबरीपाशी कोण बोलणार?

*गावाचा इतिहास, जुन्या जागा आणि त्या लेकरांपर्यंत पोचवण्याच्या वाटा, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना आमच्या स्तंभलेखिका दर महिन्याला उत्तरं देतात. त्यांनी सिल्लोड आणि भोकरदन भागातल्या शाळांत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला आणि स्नेहसंमेलनांची नाटकं बसवली.*

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अटलांटा शहरात राहते. तिथं ओकलंड नावाची 1850 सालची स्मशानभूमी आहे. ऑक्टोबरात संध्याकाळी तिथं फेरी निघते. जुन्या काळचे पोशाख केलेली माणसं थडग्यांपाशी उभी असतात आणि 'मी अमुक' म्हणत त्या मृताची कहाणी सांगतात. मुलीनं व्हिडिओ पाठवला, मी तो गावातल्या कॉलेजच्या पोरांना दाखवला. आता ती म्हणतात, आपल्या अजिंठा गावात पारूची कबर आहे, तिथं असंच करू, एक मुलगी पारू होईल. काही वडीलधारी नाराज आहेत. आपलं मत काय? — एक निवृत्त तलाठी, अजिंठा

उत्तर : भाऊ, जरूर करा. फक्त पारूला बोलायला लावू नका.

गुंफा पाहायला येणारी बहुतेक वाहनं तुमच्या गावावरून सरळ फर्दापूरकडे निघून जातात. त्या कबरीपाशी चार माणसं थांबणार असतील तर मला मनापासून आनंद आहे. पण पारूबद्दल पक्कं म्हणावं असं आपल्या हाती काय आहे? दगडावर तिचं नाव आहे. कुणाचा तरी तिच्यावर जीव होता, हे सांगणारा शब्द आहे. आणि 23 मे 1856 ही तारीख आहे. ती दिसायला कशी होती, गुंफांतल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिल साहेबाला पहिल्यांदा कुठं भेटली, काय बोलली, हे सगळं पुढं कवितेनं आणि सिनेमानं दिलं. कवितेला ती मोकळीक आहेच. मात्र खुद्द कबरीपाशी उभं राहून एखादी मुलगी 'मी पारू' म्हणाली, की समोरची लेकरं तिचा शब्द न् शब्द खरा मानून घरी जातात. जिचं एक वाक्यही कुणी लिहून ठेवलं नाही, तिच्या तोंडी आपण वाक्यं घालावीत हे मला पटत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांनाही बहुधा हेच खटकत असावं.

मग बोलायचं कुणी? साक्षीदारानं. कबरीच्या आसपास जे कुणी वावरले असणार आणि ज्यांची नावं कुठंच आली नाहीत, त्यांच्यापैकी एकानं. मला पहिला डोळ्यांसमोर येतो तो पाथरवट. ती अक्षरं कुणीतरी छिन्नीनं कोरलीच ना? त्यानं पुढं यावं आणि सुरुवातीलाच सांगून टाकावं, "मंडळी, माझं नाव कुठंही नोंदलेलं नाही. मला या पोरांनी उभं केलंय. पण मी सांगतो ते खरं आहे." हे वाक्य गाळू नका. ते ऐकलं की काय रचलेलं आहे आणि काय घडलेलं आहे, हे लहान पोरालाही उमगतं.

आणि त्याला सांगायला काय कमी आहे! 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी शिकारीसाठी या दऱ्यांत आला, त्याला गुंफा दिसल्या आणि दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. 1843 मध्ये जेम्स फर्ग्युसननं लंडनमध्ये निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असं कळकळीनं मांडलं. त्यातून कंपनी सरकारनं मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला या कामावर नेमलं. गिल इथं आला आणि आयुष्यभर इथलाच झाला. मोठमोठ्या कापडांवर त्यानं तैलरंगात नकला केल्या, त्या विलायतेला गेल्या, लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या. 1866 च्या डिसेंबरात तिथं आग लागली आणि त्यातली बहुतेक चित्रं जळाली. पुढं 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले, त्यांनी नव्यानं नकला केल्या. 1885 मध्ये लंडनमध्येच पुन्हा आग लागली आणि त्यातल्याही कितीतरी गेल्या. आपल्या डोंगरातली मूळ चित्रं, ओल आणि वटवाघळं सोसत, अजून भिंतींवर आहेत. हे मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

गिल 1879 मध्ये वारला. त्याचं दफन भुसावळला झालं. ज्याच्या नावाशी पारूचं नाव जोडलं जातं तो घाटाच्या पलीकडं खानदेशात आणि ती इकडं अजिंठ्यात. पाथरवटानं एवढंच सांगून थांबावं. त्यावर संवाद नको, पार्श्वसंगीत तर मुळीच नको.

दुसरा साक्षीदार हवा असेल तर गुंफेत उजेड पोचवणारा गडी घ्या. बाहेरचं ऊन आरशानं किंवा पांढऱ्या कापडानं आत वळवून चित्र दाखवायची रीत गाइड लोकांनी पुष्कळ वर्षं चालवली. कॉलेजचा एखादा पोरगा हातात आरसा घेऊन उभा राहिला तर त्याला वेगळ्या पोशाखाची गरजसुद्धा नाही.

अशी दुसऱ्याची भूमिका घेऊन बोलण्यासाठी आपल्याला अटलांटापर्यंत जायची गरज नाही, हेही पोरांना सांगा. पैठणला नाथांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी भारुडं रचली. कधी वासुदेव बोलतो, कधी जोशी, कधी गोंधळी, कधी 'जोहार मायबाप' म्हणत गावचा महार. नाथ स्वतः बाजूला राहतात. तुमच्या पोरांनी एखाद्या जुन्या भारूडकऱ्याला बोलावून दोन संध्याकाळ त्याच्यापाशी शिकावं. उघड्यावर, माइकशिवाय, शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा न्यायचा हे त्याच्याइतकं कुणाला येतं?

नाराज वडीलधाऱ्यांना आधी संहिता वाचून दाखवा. त्यांनी एखादी ओळ काढा म्हटलं तर काढा. आणि कार्यक्रमाच्या आधी कबरीभोवतीची जागा झाडून, गवत काढून घ्या. जी पोरं झाडू मारतील तीच बोलतील, असा माझा आग्रह राहील.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यात इतिहास शिकवते. आठवीच्या वर्गाला असईच्या रणभूमीवर नेऊन इंग्रज आणि मराठा सैनिकांच्या वेशात प्रसंग करावा असं मनात आहे. मुलं लढाईच दाखवायची म्हणतात. — एक शिक्षिका, जाफ्राबाद

उत्तर : बाई, लढाई नको. लाकडी तलवारी निघाल्या की पोरं तलवारीच लक्षात ठेवतात.

असईची खरी गोष्ट नदीच्या उताराची आहे. 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात उभी होती. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला. वाटाड्यांनी सांगितलं, इथं नदी ओलांडायला उतार नाही. त्यानं पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ गावं असतील तर लोक ये-जा करतच असणार, म्हणजे उतार असलाच पाहिजे, असं त्यानं ताडलं. उतार सापडला. फौज तिथून पार झाली.

माझ्या मते तुमची साक्षीदार तीच बाई, जी पिंपळगावाहून वरूडला रोज त्या उतारानं जायची. तिला कुणी काही विचारलंच नाही. आठवीतली एखादी मुलगी डोक्यावर पाटी घेऊन नदीकाठी उभी राहील आणि आपली वाट कुणाच्या कामी आली हे सांगेल. लढाईचं जेवढं सांगायचं तेवढं तिच्या तोंडून येईल. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढं सरकताच उठून त्यांनी तोफा मागून त्यांच्यावरच वळवल्या. इंग्रजांकडचे ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांच्या वर गेले. पुढं 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या या माणसाला म्हातारपणी विचारलं, लढाईत तुमच्या हातून झालेली सर्वांत उत्तम गोष्ट कोणती? तेव्हा त्यानं आपल्या असईचं नाव घेतलं.

एक गोष्ट मात्र मुलांसमोर मांडाच. वेलस्लीच्या बाजूनं पडलेल्यांत मद्रासचे देशी शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्याच बाजूनं पडलेल्या कर्नल मॅक्सवेलचं नाव लढाईच्या वर्णनांत येतं. त्या शिपायांची नावं येत नाहीत, आणि शिंद्यांच्या गोलंदाजांचीही नाहीत. मुलांना विचारा, आज आपण फुलं कुणासाठी ठेवायची? त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : शाळेनं 'स्मशान-वारसा फेरी' काढायची म्हटल्यावर आम्ही पालकांनी विरोध केला. लेकरांना बाधा झाली तर? शिवाय आपण अग्नी देणारी माणसं, आपल्याकडे थडगी कुठं असतात? — एक पालक, औसा

उत्तर : दादा, लेकराची काळजी वाटणं रास्त आहे. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल त्या घरच्या लेकराला नेऊच नये, आणि कुठल्याच लेकरावर सक्ती नसावी. फेरी सकाळी काढावी. रात्रीची भीती दाखवून गर्दी जमवायचा प्रकार शाळेनं करू नये, याबाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

पण थडगी नाहीत, असं म्हणू नका. तुमच्या औसा-लातूर भागात लिंगायत समाज केवढा मोठा आहे, आणि तिथं मृताला बसवून पुरतात. गोसावी आणि संन्यासी यांच्या समाध्या गावोगाव आहेत. मुसलमानांची कबरस्तानं आहेत, ख्रिस्ती दफनभूमी आहेत. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांचीही. पासोडीच्या कापडावर ग्रंथ लिहिणारे ते हेच दासोपंत. आणि अग्नी दिलेल्यांची खूण पाहायची असेल तर गावाच्या वेशीपाशी किंवा मारुतीच्या पाराखाली वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, शोधा. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा चोरांनी पळवलेली गुरं, तिच्यावर वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. खालून वर वाचायचा दगड आहे तो. कितीतरी गावांत त्यावर शेंदूर चढलाय, कुठं त्यावर धुणं आपटतात. शाळेनं पहिली फेरी वीरगळांचीच काढावी, तुमचाही विरोध राहणार नाही असं वाटतं.

प्रश्न : खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी वेशभूषेसह सादरीकरण करायचं आहे. परवानगी लागते का? — एक नाट्यकर्मी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लागते. संरक्षित स्मारकाच्या आवारात पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही कार्यक्रम करता येत नाही. दर्ग्याचं आवार असेल तर व्यवस्थापनाची संमती वेगळी. ही पत्रं दोन-तीन महिने आधी द्यावीत. जिथं रोज लोक दुवा मागायला येतात तिथं पोशाख करून उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे. कबरीवर फक्त शांतपणे जाऊन या आणि सादरीकरण शहरात, नहर-ए-अंबरी या त्याच्या जुन्या पाणीयोजनेच्या एखाद्या बंबापाशी, म्हणजे पाण्याच्या मनोऱ्यापाशी, करा.

तिथं तो माणूस जास्त कळतो. हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा निजामशाहीचा कारभारी होतो, 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं तुमचं शहर, वसवतो आणि तिला पाणी मिळावं म्हणून जमिनीखालून नहर आणतो. 1626 मध्ये तो वारला, पण नहरीचं पाणी त्यानंतरही शहरानं शतकानुशतकं प्यायलं. नहर खोदणारा बेलदार तुमचा साक्षीदार. त्याला कुदळ द्या, जरीचा अंगरखा देऊ नका.

प्रश्न : कपडेपट भाड्यानं घ्यावा की शिवावा? — एक विद्यार्थिनी, सिल्लोड

उत्तर : बेटा, भाड्याच्या पेटीत राजे आणि सरदारच निघतात. तुला पाथरवट, बेलदार आणि पाटीवाली हवी आहे. आजीचं जुनं नऊवारी, आजोबांचं धोतर आणि मुंडासं, एवढ्यावर भागेल. कपडा सुतीच घे, नायलॉन उन्हात चमकतं आणि अंगाला चिकटतं. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचे दिवस धर. अत्तर किंवा स्प्रे कुणालाही लावू देऊ नकोस, कारण अजिंठ्याच्या परिसरात आग्या मोहोळ असतात. आदल्या दिवशी जागेवर जाऊन झाडं आणि कमानी वर मान करून नीट बघून ये. पायात साधी चप्पल ठेव, म्हणजे कबरीजवळ जाताना ती पटकन काढता येईल.