पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी कोणता मराठी फॉन्ट घ्यावा? कॅनव्हा पुरेल की फोटोशॉप शिकावं लागेल?

फोटोशॉप शिकू नका. एका पुस्तकासाठी तर मुळीच नको. कॅनव्हा चालेल. पण मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे. आजोबांच्या आठवणींचं दीडेकशे पृष्ठांचं पुस्तक घरच्या घरी काढायचंय, असं सांगून पुढे तुम्ही लिहिता, ‘समोरचं मी करेन, स्पाइनवरचं नाव प्रेसवाला टाकेलच.’

टाकेल की. माझ्याही प्रेसवाल्याने टाकलं होतं. (स्पाइन म्हणजे पुस्तकाची पाठ, कपाटात ठेवल्यावर दिसते ती.)

मालवणात माझं डीटीपीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षाकाठी दोन-चार पुस्तकं. इकडे पुस्तक लिहिणारे म्हणजे बहुतेक निवृत्त मास्तर. असेच एक गुरुजी आठ-नऊ वर्षांपूर्वी वही घेऊन आले. खाडीकाठच्या शाळेत उभी नोकरी झालेली. पुस्तकाचं नाव ठेवलेलं ‘खाऱ्या पाण्याची शाळा’. मी एरवी पोटासाठी काम करते, पण ह्या नावावर जीव जडला. गुरुजींना म्हटलं, माड नको, होडी नको, सूर्यास्त तर नकोच, कोकणातल्या प्रत्येक पुस्तकावर तेच असतं. भाच्याची दगडी पाटी घेतली, समुद्राच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवली. तिच्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली, वेडीवाकडी, भरतीच्या खुणेसारखी. तिचा फोटो काढला आणि खाली ठळक मुक्ता फॉन्टात नाव. बास. आजही मला ते माझं सगळ्यात चांगलं काम वाटतं.

समोरचं नाव मी कर्व्ह करून पाठवलं. (कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं. मग समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो, बिघडत नाही.) स्पाइनचं मात्र ठेवलं, कारण कागद ठरला नव्हता आणि कागदावाचून जाडी कळत नाही. प्रेसवाले म्हणाले, मेलवर नाव पाठवा, आम्ही बसवतो. प्रेस कुठलं ते सांगणार नाही, अजून माझी कामं तिकडेच जातात.

५०० प्रती आल्या त्या थेट शाळेच्या हॉलात, प्रकाशनाच्या दिवशी सकाळी. टेबलावर गठ्ठे रचलेले, पाठी लोकांकडे. माझे बाबा पहिल्या रांगेत. बाबा पेंटर. मालवण ते देवबाग किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्यांची नावं त्यांच्या ब्रशातली आहेत, दुकानांच्या पाट्या वेगळ्याच. ते उठले, टेबलापाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गे बाय, ह्या खार्या म्हणजे काय?”

समोर ‘खाऱ्या’. स्पाइनवर ‘खार्या’. पाचशेच्या पाचशे.

ज्यांना फरक कळला नाही त्यांच्यासाठी: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना भाताचा अंदाज विचारतात. डोक्यावरचा रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र, दोन्ही मराठीत लागतात. हिंदीत ही चंद्रकोर लागत नाही, म्हणून बऱ्याच फॉन्टवाल्यांना आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तिची फिकीर नसते. टाइप करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर (इन्स्क्रिप्ट ह्या कीबोर्ड-मांडणीत शिफ्ट दाबून जे), त्याला हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. दिसायला दोन्ही सारखं. पण दुसऱ्या रीतीत ते न दिसणारं चिन्ह एका ठिकाणचं उचलून दुसरीकडे चिकटवताना गळून पडू शकतं. पडलं की चंद्रकोर गेली, रफार आला, आणि कुणी लक्ष देऊन वाचेपर्यंत पत्ता लागत नाही. पुस्तक कपाटात गेलं की दिसते फक्त पाठ. म्हणजे गुरुजींचं पुस्तक जन्मभर ‘खार्या’च राहणार.

गुरुजी काही बोलले नाहीत. चौतीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलेला माणूस. भाषणात त्यांनी माझे आभार मानले, ते जास्त लागलं.

बांधून झालेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ काढून नवं चढवणं म्हणजे जवळजवळ नवं पुस्तक. तेवढे पैसे ना माझ्याकडे होते ना त्यांच्याकडे, आणि प्रेसवाले म्हणाले, तुम्ही जे पाठवलंत तेच आम्ही टाकलं. शेवटी बाबांनी तोडगा काढला. ट्रेसिंग कागदावर त्यांनी नाव हातानं लिहिलं, मी ते स्कॅन करून स्टिकरच्या कागदावर छापलं, पट्ट्या कापल्या. तीन संध्याकाळी आम्ही घरचे चौघं स्पाइनवर पट्ट्या चिकटवत बसलो. बाबांचं ‘खाऱ्या’ देखणंच होतं, खोटं कशाला बोलू. ऱ्याची चंद्रकोर होडीच्या नाळेसारखी, म्हणजे पुढच्या टोकासारखी, वर उचललेली. कमल शेडगे म्हणजे बाबांचं दैवत. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं पेपरातून कापून बाबांनी एका जुन्या हिशोबाच्या वहीत डकवली आहेत. शेडगे २०२० मध्ये गेले त्या दिवशी बाबा ती वही मांडीवर घेऊन बसले होते.

तर पट्ट्या लागल्या आणि त्या दिवसापासून बाबांचं पालुपद सुरू झालं: “माझो ब्रश असो घोळ करणा नाय.” पाहुणा आला की हेच. लग्नपत्रिकेवर एखादा काना इकडचा तिकडे झाला की हेच. फॉन्ट म्हणजे उसनी अक्षरं, म्हणतात. मी म्हणते, उसनी कशी? विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, आणि ते हातात बोरू घेऊन अक्षरं काढणारे गृहस्थ होते. प्रत्येक फॉन्टमागे कुणाचा तरी हात असतोच. बाबा म्हणतात, “हात त्येंचो, तुझो खय?” ह्यावर मला उत्तर सुचत नाही, पण मत्स्यगंधा सुचते.

देवबागच्या एका होडीवर बाबांनी नाव रंगवलं होतं, ‘मत्स्यगंधा’. होडीच्या उजव्या अंगाला नाव मागून सुरू होतं आणि नाळेकडे संपतं. बाबांनी जागा मोजलीच नाही. ‘मत्स्यगं’ ऐसपैस आलं, आणि ‘धा’ला उरली ती नाळेची वर चढणारी निमुळती फळी. ‘धा’ तिथे असा चढून बसला की होडीचं नाव किनाऱ्यावर ‘मत्स्यगं’च पडलं. अक्षर सुंदर, पण मांडणी? मुखपृष्ठाचंही तेच असतं. लोक तीन-तीन दिवस फॉन्ट शोधतात आणि नाव पानावर कुठे, केवढं, किती ओळींत बसेल ते शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात.

आणि त्या पट्ट्यांचं काय झालं? ऑगस्टात गळल्या. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात भिंतीला बुरशी येते, तिथे स्टिकरचा डिंक काय टिकणार! एकेका प्रतीची पट्टी सुटली आणि खालून ‘खार्या’ पुन्हा वर आलं. बाबांना म्हटलं, बघा तुमचा ब्रश. तर म्हणाले, “ब्रश गळाक नाय, डिंक गळलो.”

असो, तुमच्या प्रश्नाकडे येते.

फॉन्ट. आजोबांच्या आठवणी आहेत तर तिरो देवनागरी मराठी बघा. छापील पुस्तकाच्या वळणाचा आहे, आणि ल पाकळीचा, श देठाचा, म्हणजे मराठी पद्धतीचे येतात. २००९ च्या शासन निर्णयात हेच ल आणि श मराठीचे म्हणून ठरवून दिलेत, तरी निम्म्या पुस्तकांवर दंडाचा हिंदी ल दिसतो आणि कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. नाव लांबलचक असेल किंवा स्पाइन अरुंद असेल तर अनेक देवनागरी घ्या, एकाच फॉन्टात अक्षर बारीक-जाड आणि अरुंद-रुंद करता येतं. मुक्ता कुठेही खपतो. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि विकायच्या पुस्तकावर वापरायला परवानगी आहे. कलम मात्र नको. हस्ताक्षरासारखा दिसतो म्हणून आठवणींच्या पुस्तकावर लोक तोच लावतात, आणि तोच फॉन्ट पापडाच्या पाकिटावर असतो. बालू गोड आहे, आइस्क्रीमच्या दुकानाला लावा. जुन्या श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेला मजकूर कुणी दिला तर आधी युनिकोडात बदलून घ्या आणि बदलल्यावर चंद्रकोरी एकेक करून तपासा.

कॅनव्हात एक सरकपट्टी असते, अक्षरांमधलं अंतर वाढवायची. इंग्रजी नावांना ती शोभते. मराठीला लावलीत की शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुकत घातलेल्या बांगडा माशांसारखी सुटी सुटी दिसतात. हात लावू नका. दोन ओळींचं नाव असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात, तेव्हा ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. फुकटच्या कॅनव्हात स्वतःचा फॉन्ट चढवता येत नाही, त्यांच्या यादीत असेल तोच. ते नको असेल तर इंकस्केप घ्या, फुकट आहे, जोडाक्षरं नीट दाखवतं आणि ऑब्जेक्ट टू पाथ केलं की कर्व्ह होतात. फक्त त्यातून छपाईचे चार रंग वेगळे होऊन निघत नाहीत; ते तुमचा प्रेसवाला करेल किंवा तुम्ही स्क्रायबस ह्या पानं मांडायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा. मोबाइलवर दिसणारा निळाशार समुद्र कागदावर मळका होतो हे धरून चाला.

स्पाइन. दीडशे पृष्ठं म्हणजे ७५ कागद. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकाच्या साध्या कागदाचा, एक कागद ढोबळमानानं मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे स्पाइन साधारण साडेसात मिलिमीटर. पण कागद कोणता ते प्रेसकडून लेखी घ्या, कोऱ्या पानांची डमी बांधून मागा, तिच्यावर पट्टी लावून मोजा आणि स्पाइनचं नाव स्वतः बसवून, कर्व्ह करून द्या. नाव आडवं लिहून आख्खी ओळ फिरवा, अक्षराखाली अक्षर रचू नका. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) सोडा. पावसात छापू नका. एका बाजूनं लॅमिनेशन, आतली बाजू उघडी, ती दमट हवा पिते आणि मुखपृष्ठ भाजलेल्या पापडासारखं बाहेर वळतं. दिवाळीनंतर छापा. तुम्ही घाटावर राहत असाल तर एवढं नाही, पण आमच्याकडे जूनमध्ये छापलेलं पुस्तक मी लांबून ओळखते.

वर मी सगळं प्रेसवाल्यावर ढकललंय असं दिसेल. म्हणून सांगते. ते पुस्तक झाल्यावर दोनेक वर्षांनी तो मेल मी उघडून पाहिला. मी ‘खाऱ्या’ दुसऱ्या रीतीनं टाइप केलं होतं, न दिसणाऱ्या चिन्हाचं. तेव्हा मला ऱ हे वेगळं अक्षर कीबोर्डवर आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी खरंच मी पाठवलं तेच चिकटवलं, फक्त वाटेत चिन्ह सांडलं. प्रूफ त्यांनी दाखवलं नाही ही त्यांची चूक, मी मागितलं नाही ही माझी. प्रेसवाल्यांना हे मी फोन करून सांगितलं. बाबांना नाही सांगितलेलं. आता ते ८० चे आहेत, ब्रश सुटलाय, आणि ‘माझो ब्रश’ म्हणताना अजून खुलतात.

आणि हो, पुस्तकाचं नाव तुम्ही प्रश्नात दिलेलंच नाही. त्यात ऱ्य किंवा ऱ्ह असेल तर खाली कमेंटमध्ये टाकू नका, तिथेही चिन्ह सांडतं की काय कोण जाणे. कागदावर लिहून फोटो पाठवा.