इतिहास विभाग असताना वांशिक अभ्यासाची वेगळी केंद्रे कशासाठी?

अमेरिकी विद्यापीठांत इतिहासाचा विभाग असताना वांशिक अभ्यासाची, म्हणजे तेथील गोरेतर समाजांच्या इतिहासाच्या व जीवनाच्या अभ्यासाची (एथनिक स्टडीज), स्वतंत्र संशोधन केंद्रे कशाला, हा आपला प्रश्न मला पूर्वी लॉस एंजेलिसमधील एका गणेशोत्सवात, महाप्रसादाच्या पंगतीत, एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारला होता. 'चळवळ्यांची सोय, दुसरे काय' असे उत्तरही त्यांनीच देऊन टाकले. वयाचा मान राखून मी गप्प बसलो, याची खंत आजही आहे.

ही केंद्रे विद्यापीठांनी आपण होऊन काढलेली नाहीत. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई व मूलनिवासी विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ पासून मार्च १९६९ पर्यंत संप चालवला, तेव्हा कोठे वांशिक अभ्यासाचे महाविद्यालय पदरात पडले. १९६९ मध्येच यूसीएलएत, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, या चार समाजांसाठी चार केंद्रे निघाली. ज्यांना पाठ्यक्रमात जागा नव्हती त्यांचे कागद जपणे, त्यांच्याविषयीचे संशोधन छापणे आणि ते त्यांच्याच वस्त्यांच्या कामी आणणे, हा त्यांचा हेतू.

विद्यार्थिदशेत मी अशा एका केंद्राच्या ग्रंथालयात काम केले. एका शेतमजूर कुटुंबाने दिलेल्या खोक्यातील स्पॅनिश पत्रांच्या गंजलेल्या टाचण्या मी काढत असे; प्रत्येक टाचणीखाली कागदावर तपकिरी डाग उमटलेला असे. मजुरीच्या पावत्या, बाप्तिस्म्याचे दाखले, मागे नावे लिहिलेली छायाचित्रे. हे खोके त्या घरातून दुसऱ्या कोणी मागून नेले नव्हते.

त्या पंगतीत मी हे सांगायला हवे होते, आणि पुढचेही. १९२३ साली पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे नव्हेत' म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले; त्यांचे वकील, लॉस एंजेलिसचेच सखाराम गणेश पंडित, यांचेही नागरिकत्व काढून घ्यायला सरकार न्यायालयात गेले, पण ते त्यांनी लढून राखले. आपल्याला दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यामुळे. ज्या चळवळ्यांना त्या गृहस्थांनी नावे ठेवली, त्यांच्यामुळेच ती पंगत बसली होती.

या केंद्रांतील सगळेच संशोधन कसदार असते असे मात्र मी म्हणणार नाही, आणि केंद्र म्हणजे पदवी देणारा विभागही नव्हे. ती गल्लत करू नये. आपण अमेरिकेत राहत असाल तर मंडळाच्या जुन्या स्मरणिका आणि सभांची इतिवृत्ते रद्दीत घालू नका, जवळच्या केंद्राला विचारा. आमच्या मंडळाच्या पहिल्या वर्षांच्या स्मरणिका त्याच गृहस्थांच्या गॅरेजमध्ये आहेत. मी त्या दोनदा मागितल्या; अजून मिळालेल्या नाहीत.