पोचपावतीवरचं कलम आधी वाचा

निपाणीजवळच्या एका गावातल्या वाचकाचं पत्र समोर आहे. बीएस-६ डिझेल पिकअप, भाजीचा माल, आठवड्यातून चार खेपा बेळगावला. तवंदी घाट चढताना गाडी दम टाकायची, सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी भरल्याचा दिवा सारखा लागायचा. म्हणून दिवाळीनंतर कोल्हापुरातल्या एका गॅरेजात कंपनीचा सायलेन्सर काढून त्यांनी सरळ पाइप आणि बारका कॅन बसवून घेतला. पुढे हायवेवर पोलिसांनी गाडी अडवली, आवाजाची केस केली, लायसन ठेवून घेतलं आणि हातात एक कागद दिला. या गोष्टीला २३ दिवस झाले. ते विचारतात, बाजारातला कोणता सायलेन्सर बसवला तर कायद्यात बसेल, आणि दंड भरला की विषय संपतो ना? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: 'सध्या त्या कागदावर गाडी चालवतोय.'

चिकोडी, हुक्केरी, खानापूर भागातून अशी पत्रं बऱ्याचदा येतात. पुंगळी काढलेली गाडी रस्त्यावर आणू नये हे मी पुन्हा सांगत बसत नाही. मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीची.

आजपासून गाडी चालवणं थांबवा. उद्याची खेप भाड्याच्या गाडीनं पाठवा, नुकसान झालं तर होऊ द्या. कारण असं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये लायसन काढून घेण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. जुना मार्ग पोटकलम २ आणि ३ चा. चालक समन्स चुकवून पळून जाईल असं वाटलं तर लायसन ठेवून घ्यायचं आणि पोचपावती द्यायची. लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीवर गाडी चालवता येते. आपल्याकडे 'पावती आहे ना, मग चालव' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो तो याच्याच जोरावर. पण २०१९ च्या दुरुस्तीनं पोटकलम ४ आलं. कलम १८३, १८४, १८५, १८९, १९०, १९४-सी, १९४-डी आणि १९४-ई यांपैकी गुन्हा असेल तर लायसन जप्त करून थेट परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं, तिथं ते अपात्र ठरवण्याची कारवाई चालते. इथंही पोचपावती मिळते, पण कायद्यात स्पष्ट शब्द आहेत की लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीनं गाडी चालवण्याचा अधिकार मिळत नाही. कागद दिसायला सारखा असला, तरी अर्थ अगदी उलटा आहे.

धूर आणि आवाजाच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो, म्हणजे तो या यादीत आहे. तुमच्या पोचपावतीवर १९० असेल तर हे २३ दिवस तुम्ही लायसनशिवाय गाडी चालवली असं कुणीही म्हणू शकतं. त्याला कलम १८१ लावता येतं, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी भीती अपघाताची. या दिवसांत कुणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीनं सगळ्यात आधी हीच पोचपावती पुढे केली असती. तो वाद कोर्टात कसा सुटला असता ते मी सांगू शकत नाही, पण तो वर्षानुवर्षं चालला असता एवढं नक्की. फोनमधल्या लायसनच्या प्रतीवर विसंबू नका. ती त्याच जप्त लायसनची प्रत आहे.

तुम्ही लिहिता, कागद कन्नडमध्ये होता म्हणून वाचला नाही. इथं मला राग येतो आणि तो लपवत नाही. सीमाभागात मराठीत कागद मिळावेत ही आपली मागणी रास्त आहे आणि ती सोडायची नाही. पण २३ दिवस खिशात घडी करून ठेवलेला कागद गावातल्या शाळामास्तरांकडून नाहीतर बाजारातल्या एखाद्या अडत्याकडून वाचून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. आजच वाचून घ्या आणि कलमांचे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून काढा.

हे आकडे एवढ्यासाठी महत्त्वाचे की त्यांवरच पुढचं सगळं ठरतं. समजा, पोचपावतीवर फक्त १८२-ए(४) लिहिलं आहे. हे कलम गाडीत बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकासाठी आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण हे कलम २०६(४) च्या यादीत नाही. मग लायसन कोणत्या अधिकारानं घेतलं, हा प्रश्न लेखी विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. १९०(२) लिहिलं असेल तर हा मुद्दा तुमच्या हातात उरत नाही.

आता दंडाचं. 'भरून मोकळा होतो' असं तुम्ही म्हणता. कलम २०० खाली तडजोडीची रक्कम भरता येते आणि तेवढ्यापुरता कोर्टाचा फेरा वाचतोही. पण त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे शेवटी जोडलेल्या अटींत, दोन गोष्टी आहेत, ज्या काउंटरवर कुणी सांगत नाही. तडजोड केली तरी तो तुमचा पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. आणि पैसे भरले म्हणून २०६(४) ची लायसनची कारवाई थांबत नाही. दंडाची पावती घरात आणि लायसन आरटीओच्या कपाटात, अशा अवस्थेत माणसं महिनोन्‌महिने राहतात. दुसरीकडे, केस कोर्टात जाऊन १९०(२) खाली शिक्षा झाली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याच वाक्यात पुढे 'आणि' आहे: ३ महिने लायसन धारण करण्यास अपात्र. तुमचं पोट गाडीवर आहे, तुम्हाला दहा हजारांपेक्षा तो 'आणि' महाग पडेल. तडजोड करावी की लढावं हे आरोपाचा कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

तोपर्यंत पुतण्याला गाडी चालवायला देण्याचा विचार तुम्ही पत्रात मांडला आहे. पाइप तोच ठेवून देऊ नका. १९०(२) चालवणाऱ्याला लागतं तसं चालवू देणाऱ्यालाही लागतं. दुसऱ्या गुन्ह्याला कैदेची मर्यादा ६ महिने होते.

कोर्टाच्या तारखेची वाट पाहत घरी बसू नका. कोर्टाची तारीख लांबेल, ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. आरटीओचं काम मात्र पाठपुराव्यानं हलतं. कलम १९ प्रमाणे लायसन निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पण आदेश निघालाच नाही तर निलंबनाची मुदत सुरूही होत नाही आणि संपतही नाही, आणि आदेशच नसेल तर अपील तरी कशावर करणार? आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणून लायसन पोलिसांकडून कोणत्या आरटीओला गेलं ते आधी शोधा. तुमचं लायसन चिकोडीचं आहे, पहिली चौकशी तिथं करा. मग लेखी अर्ज द्या की सुनावणी लवकर घ्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे मराठीत अर्ज देण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, फाइल लवकर पुढे सरकेल.

सुनावणीला रिकाम्या हातानं जाऊ नका. आता तुमच्या सायलेन्सरच्या प्रश्नाचं उत्तर इथं येतं. बाजारातला कोणता घ्यावा, तर माझ्या मते कोणताच नाही. गाडीला मान्यता मिळते ती त्या मॉडेलच्या सगळ्या रचनेला, सायलेन्सरसकट. दुकानदार पुण्याच्या एआरएआयचं, म्हणजे गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचं, नाव छापलेलं स्टिकर दाखवतात. त्यांना विचारा, तुमच्या मॉडेलचं नाव असलेला दाखला आहे का. स्टिकर पाइपला चिकटवलं म्हणून तुमच्या गाडीला मान्यता मिळत नाही. फेरबदलाच्या कलम ५२ वर वकील युक्तिवाद करतील की सायलेन्सर आरसीवर लिहिलेला नसतो, म्हणून तो बदलणं म्हणजे फेरबदल नव्हे. या मुद्द्यात थोडा दम आहे, पण १९०(२) पुढे त्याचा उपयोग नाही. तिथं फेरबदल झाला का हे कुणी विचारत नाही, धूर आणि आवाज मानकात आहे का एवढंच विचारतात. पीयूसी ताजी आहे म्हणून सांगू नका. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळपटपणा मोजतात, आवाज मोजत नाहीत.

तुमच्या पाइपात आणखी एक दोष आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याचं तोंड मागच्या डाव्या चाकाच्या पुढून डावीकडे वळलेलं दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम ११२ प्रमाणे पिकअपनं डावीकडे धूर सोडायचा नाही, तिकडे पायी चालणारी माणसं असतात. एवढ्या एका गोष्टीसाठीही तो कॅन उतरवावा लागेल.

तेव्हा गॅरेजात जाऊन आधी तुमचा जुना सायलेन्सर परत मागा. त्यातल्या जाळीच्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात, म्हणूनच 'भंगार आहे, इथंच राहू द्या' असं सांगितलं जातं. तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घ्या आणि जाळी तिथंच साफ करून घ्या. धुराची उष्णता पुरेशी वाढली नाही तर साचलेली काजळी जळत नाही, हे तुमच्या दिव्याचं साधं कारण असू शकतं. मशीन लावून ती जाळून घेता येते. त्यासाठी अख्खी जाळी कापायची गरज नव्हती. बिलावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख आली पाहिजे. नवी पीयूसी त्यानंतरची घ्या. गाडीची तपासणी करावी अशी विनंती मोटार वाहन निरीक्षकांना लेखी करा. हे कागद पाहून अधिकारी सौम्य होतीलच अशी हमी नाही, पण सुधारणा केली हे दाखवल्याशिवाय दया मागायला तोंड नसतं.

गॅरेजवाल्यावर ग्राहक तक्रार करता येईल का, हेही विचारलं आहे. गॅरेज कोल्हापुरात असलं तरी २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावला तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची. गाडी स्वतःच्या उपजीविकेसाठी असेल तर 'व्यापारी वापर' ही हरकत टिकू नये. पण तुम्ही बिल घेतलेलं नाही. फोनवरून पैसे पाठवले असतील तर तो व्यवहार, आणि गॅरेजवाल्याशी झालेले संदेश, आजच जपून ठेवा. नुसत्या तोंडी 'काही होत नाही साहेब' वर तक्रार उभी राहणार नाही.

पोचपावतीचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो पाठवा. मागच्या बाजूला बहुधा कोर्टाची तारीख लिहिलेली असते, आणि तुमच्या पत्रात ती कुठंच नाही.