लाटेकमधली हेडिंगं: हाताने ठळक करू नका, एकदाच नीट सांगा

थीसिस जमा करायचे दिवस जवळ आले की माझ्याकडे मेसेज सुरू होतात, आणि दरवर्षी तेच ते, हेडिंग मधे कसं आणू, नंबर असा का येतो, जागा जास्त का सुटते. लाटेक म्हणजे कमांड लिहून पानं मांडायचं सॉफ्टवेअर, आणि मी बडोद्यात बरीच वर्षं टाइपसेटिंगचं काम करते, मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकत्र लिहिते. कमांडची नावं वाचायला सोपी म्हणून देवनागरीतच लिहिलीयत, टाइप करताना ती रोमनमध्ये आणि पुढे बॅकस्लॅश लावून.

प्रश्न: सेक्शनचं हेडिंग मधोमध आणि थोडं लहान हवंय. (मांजलपूर)

टायटलसेक हे हेडिंगचं रूप ठरवणारं पॅकेज लावताना चौकटी कंसात सेंटर आणि स्मॉल एवढंच लिहा. झालं.

प्रश्न: हेडिंगच्या नंबरनंतर टिंब हवं होतं. एका व्हिडिओत बघून दसेक्शन, म्हणजे सेक्शनचा नंबर छापणारी कमांड, नव्याने डिफाइन केली, तर आता सबसेक्शनला २..३ असं दोन टिंबांचं येतंय. (कारेलीबाग)

येणारच. सबसेक्शनचा नंबर बनतो तो सेक्शनचा नंबर, मग एक टिंब, मग स्वतःचा आकडा असा. तुम्ही सेक्शनच्या नंबरातच टिंब घुसवलंत, ते खाली सगळीकडे गेलं, आणि ‘सेक्शन २. मध्ये दाखवल्याप्रमाणे’ असे संदर्भही बिघडले असतील, ते अजून तुम्ही बघितले नसतील. आधी ती ओळ काढा. टिंब ही फक्त दिसण्याची गोष्ट आहे, म्हणून ते टायटलसेकच्या टायटलफॉरमॅट कमांडमध्ये लेबलच्या, म्हणजे नंबराच्या, जागी द्यायचं, महिरपी कंसांतला तिसरा. पहिला कुठली कमांड, दुसरा फॉन्टबिंट, तिसरा लेबल, चौथा लेबल आणि शब्द यातलं अंतर, पाचवा शब्दांच्या आधी काही करायचं असेल तर. हे पाच पाठ झाले की निम्मे प्रश्न संपतात. आणि कृपा करून कुणीतरी कुठेतरी दाखवलेली ओळ तशीच चिकटवू नका, टर्मिनलमध्ये टेक्सडॉक टायटलसेक टाइप केलं की मॅन्युअल तुमच्याच मशीनवर उघडतं, ते हाव्हिएर बेझोस यांचं, म्हणजे पॅकेज ज्यांनी लिहिलं त्यांचंच आहे.

प्रश्न: हेडिंगच्या वर जागा जास्त आणि खाली कमी असं का? मला दोन्हीकडे सारखी आवडते. (अलकापुरी)

सारखी करू नका. हेडिंग खालच्या मजकुराचं असतं, वरच्याचं नाही, आणि वाचणाऱ्याला ते जागेवरूनच कळतं. आर्टिकल क्लासमध्ये (क्लास म्हणजे तयार साचा) सेक्शनच्या वर साडेतीन ईएक्स (एक ईएक्स म्हणजे इंग्रजी x ची उंची) आणि खाली २.३ ईएक्स असं ठेवलंय, थोडं ताणता-आवळता येईल असं. ते कमी करायचं तर टायटलस्पेसिंग आहे, पण वरची जागा खालच्यापेक्षा जास्तच राहू दे. एक लक्षात ठेवा, टायटलस्पेसिंगला तारा (*) लावला तर हेडिंगनंतरचा पहिला परिच्छेद आत सरकत नाही, तारा काढला तर सरकतो. मराठी पुस्तकांत पहिलाही परिच्छेद आत घेतलेला बऱ्याचदा दिसतो, तुमच्या गाइडना काय हवंय ते आधी विचारून घ्या.

प्रश्न: कोमा-स्क्रिप्टचा क्लास वापरतोय, त्यावर टायटलसेक लावलं तर वॉर्निंग येते. दुर्लक्ष करू का?

नको. दोघांपैकी एकच ठेवा. कोमात फॉन्टसाठी अ‍ॅडटूकोमाफॉन्ट आणि जागेसाठी रीडिक्लेअरसेक्शनकमांड आहे, त्यातच सगळं होतं. मेम्वार क्लासलाही हेच लागू, त्याची स्वतःची सोय आहे.

प्रश्न: ताई, माझा थीसिस फतेगंजच्या बाजूच्या एका दुकानातून टाइप करून घेतलाय. दिसायला छान आहे पण अनुक्रमणिकेत फक्त प्रकरणं येतायत, आतले मुद्दे येत नाहीत. दुकानवाला म्हणतो ते वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे. चार दिवसांत जमा करायचाय. (पीएच.डी. विद्यार्थिनी)

तुमची फाइल न बघता सांगते काय झालंय. त्या माणसाने सेक्शन ही कमांड वापरलेलीच नाही. प्रत्येक मुद्द्याला ठळक, मोठा फॉन्ट, वर व्हीस्पेसने सोडलेली जागा, आणि नंबर बोटाने टाइप केलेला. डोळ्याला हेडिंग, पण लाटेकला ती फक्त जाड अक्षरातली एक ओळ. आणि आता जे आपोआप व्हायला हवं होतं त्याचेच तुमच्याकडून परत पैसे मागतायत. देऊ नका.

हे मी इतक्या वेळा बघितलंय की यावर जरा सविस्तर लिहिणारच आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये टेक आणलं, त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक बांधलं, ते याच्यासाठीच की लिहिणाऱ्याने ‘हे प्रकरण, हा विभाग’ एवढंच सांगावं आणि ते कसं दिसेल हे एका जागी ठरावं. ते सोडून जेव्हा हाताने हेडिंग करता तेव्हा काय काय जातं बघा. अनुक्रमणिका जाते, ते तुम्हाला दिसलंच. मग पानाचा तळ. सेक्शन कमांड हेडिंगनंतर पान तुटू देत नाही, पुढच्या परिच्छेदाची एकच ओळ हेडिंगखाली ठेवून बाकीचा मजकूर पुढच्या पानावर जाणार नाही याचीही काळजी घेते. हाताने केलेल्याला हे काही माहीत नसतं, त्यामुळे पान ४७ च्या तळाशी हेडिंग एकटं आणि त्याचा मजकूर ४८ वर. मग संदर्भ. हाताने केलेल्या हेडिंगखाली संदर्भासाठी लेबल कमांड लावलीत तर ते मागच्या कुठल्यातरी खऱ्या सेक्शनचा नंबर उचलतं, एरर येत नाही, नुसता चुकीचा आकडा छापला जातो, आणि परीक्षक तो पकडतात.

आणि सगळ्यात डोळ्यात खुपणारं म्हणजे दोन ओळींचं हेडिंग. महिरपी कंसात लार्ज लिहिलं, हेडिंग लिहिलं, कंस बंद केला आणि त्यानंतर परिच्छेद संपवला. लाटेक ओळींमधलं अंतर ठरवतं ते परिच्छेद संपतो त्या क्षणाला, आणि तोपर्यंत कंस बंद झालेला असतो, म्हणजे अक्षर मोठं पण ओळींमधलं अंतर मात्र लहान अक्षराचं. इंग्रजीत ते नुसतं दाटीवाटीचं दिसतं, देवनागरीत वरच्या ओळीतल्या ‘भू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीवर जाऊन बसतो. एक विद्यार्थी दांडिया बाजारात माझ्याकडे घरी छापील प्रत घेऊन आला होता, तिसऱ्या प्रकरणातलं असं एक हेडिंग दाखवत होता, शाई पसरल्यासारखं दिसत होतं आणि तो प्रिंटरला दोष देत होता. त्याच आठवड्यात गाइडनी त्याला त्या प्रकरणात मधे एक मुद्दा घालायला सांगितला होता. सगळे नंबर हाताचे, त्यामुळे ३.४ पासून पुढचा प्रत्येक आकडा, मजकुरातला प्रत्येक उल्लेख, अनुक्रमणिका, सगळं परत. रात्री दीडपर्यंत बसलो आम्ही, आणि आकडे बदलायच्या ऐवजी प्रत्येक खोटं हेडिंग काढून खरं घातलं.

तर तुमच्यासाठी. दुकानातून टेक फाइल मागून घ्या, फक्त पीडीएफ नको. पैसे दिलेत, सोर्सवर तुमचा हक्क आहे, आणि नाही म्हणाले तर गाइडच्या कानावर घाला. फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा. मग एकच प्रकरण घ्या, त्यातली हेडिंगं सेक्शन-सबसेक्शनने बदला, दोनदा कंपाइल करा, अनुक्रमणिका आली का बघा. आली की बाकीची प्रकरणं. हायपरेफ हे लिंकचं पॅकेज लावलेलं असेल तर पीडीएफमध्ये डावीकडे बुकमार्कही आपोआप येतात. शोधगंगेवर, म्हणजे थीसिसच्या ऑनलाइन संग्रहात, तुमचं काम लोक पुढची कितीतरी वर्षं स्क्रीनवर वाचणार, त्यांना मुद्दा शोधता यायला हवा. चार दिवस पुरतील, पण आज सुरू करा, रविवारी नाही. आणि विद्यापीठाचं फॉरमॅटचं पत्रक ऑफिसमधून स्वतः घ्या, दुकानवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

प्रश्न: मराठी थीसिस आहे. नेटवर मिळालेल्या टेम्पलेटमध्ये हेडिंगची अक्षरं ऐसपैस आहेत, मी तसंच केलं तर शब्द तुटक दिसतो. शिवाय बोल्डही होत नाहीये. (मराठी एम.ए., सयाजीगंज)

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं ते लेटरस्पेस आधी काढा. देवनागरीला शिरोरेषा आहे, अंतर टाकलं की ती मधेमधे तुटते, ‘प्रस्तावना’ हा एक शब्द न दिसता चार तुकडे दिसतात. आपल्याकडे ही चूक जास्त होते कारण इथे गुजरातीचं काम जास्त, आणि गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, तिथे असं अंतर खपून जातं. तोच साचा मराठीला लावला की बिघडतं. टेम्पलेटमध्ये स्मॉल कॅप्स असेल तर तेही काढा, देवनागरीत कॅपिटल नाहीतच.

बोल्डचं बघा, तुमचा फॉन्ट तिरो देवनागरी मराठी असेल तर त्यात बोल्ड नाहीच, साधा आणि तिरपा एवढेच आहेत. लॉग फाइलमध्ये तशी वॉर्निंग असेल, कुणी वाचत नाही ती. खोटं बोल्ड करायचा पर्याय फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये आहे पण त्याने ‘ष’, ‘क्ष’ यांच्या पोटातल्या जागा भरून जातात, मला तो अजिबात पटत नाही. हेडिंगला वेगळा फॉन्ट घ्या, आयआयटी मुंबईच्या शोभिकाला खरं बोल्ड आहे, मुक्तालाही आहे.

पण वेगळा फॉन्ट घेतलात तर त्यालाही स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी हे परत सांगावं लागतं. हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग मजकुरात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आणि हेडिंगमध्ये हिंदी वळणाचे. ‘शैली’ हा शब्द हेडिंगमध्ये आणि खालच्या पहिल्या ओळीत शेजारी शेजारी ठेवून बघा, लगेच दिसेल. लुआलाटेक ही लाटेकची आवृत्ती वापरत असाल तर फॉन्टच्या पर्यायांत रेंडरर हार्फबझ हेही लिहा, नाहीतर जोडाक्षरं बिघडू शकतात. अंक देवनागरी हवेत का इंग्रजी हे विभागात विचारून घ्या, पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजात तो पर्याय मराठी भाषा निवडतानाच देता येतो, हेडिंगमध्ये हाताने ‘१’, ‘२’ टाइप करू नका.

प्रश्न: ऋणनिर्देशाला नंबर नको पण अनुक्रमणिकेत यायला हवं.

ताऱ्याची कमांड (म्हणजे चॅप्टर किंवा सेक्शनला तारा लावून), आणि तिच्या वरच्या ओळीत लिंकसाठी फँटमसेक्शन, खालच्या ओळीत अनुक्रमणिकेतल्या नोंदीसाठी अ‍ॅडकंटेंट्सलाइन. प्रकरणाच्या पातळीवरचं असेल तर फँटमसेक्शनच्या आधी क्लिअरपेज, नाहीतर लिंक मागच्या पानावर जाते.

प्रश्न: हेडिंगमध्ये गणिताचं सूत्र आहे, ‘टोकन नॉट अलाउड’ अशी वॉर्निंग येते. थीसिस परत पाठवतील का?

या वॉर्निंगवरून नाही. बुकमार्कमध्ये सूत्र जाऊ शकत नाही एवढंच ती सांगतेय. टेक्सऑरपीडीएफस्ट्रिंग घ्या, पहिल्या कंसात सूत्र, दुसऱ्यात साधे शब्द. आणि हेडिंग तीन ओळींचं असेल तर सेक्शनपुढे चौकटी कंसात छोटं रूप द्या, अनुक्रमणिकेत आणि पानाच्या माथ्यावर तेच जाईल. तळटीप मात्र हेडिंगमध्ये नकोच.

प्रश्न: हेडिंगखाली रेघ कशी मारू? (रावपुरा)

टायटलफॉरमॅटच्या अगदी शेवटी चौकटी कंसात टायटलरूल. मराठी हेडिंग असेल तर रेघेच्या आधी थोडी व्हीस्पेस सोडा, उकार रेघेला चिकटतात. एक पान प्रिंट काढून गाइडना दाखवा आणि मगच सगळीकडे लावा.