प्रश्न मुदत ठेवीचा, घोळ मेडिक्लेमचा

गोव्यातल्या फोंड्याहून एका वाचकाचं पत्र आहे. कुंडईच्या कारखान्यात नोकरी, घरात चौघं. तेरा वर्षांच्या मुलीला फ्रीड्रायख अटॅक्सिया हा मज्जासंस्थेचा आनुवंशिक विकार आहे. पाठीचा कणा 38 अंशांनी वळलाय; बाक असाच वाढला तर दोनेक वर्षांत शस्त्रक्रिया, खर्च सात लाखांच्या आसपास. बँकेत नऊ लाखांची ठेव आहे. एजंट म्हणतो, ती मोडा आणि मुलीच्या नावावर ‘गॅरंटीड’ पॉलिसी घ्या : वर्षाला दीड लाख, 12 वर्षं; पंधराव्या वर्षाअखेर 26 लाख. घेऊ का?

नका घेऊ. भरायचे 18 लाख, मिळणार 26, म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के. त्यापायी दोन वर्षांत लागणारा पैसा पंधरा वर्षं अडकवायचा? विषय संपला.

खरी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. गेल्या वर्षी काढलेल्या दहा लाखांच्या मेडिक्लेमच्या फॉर्मवर, आजाराच्या रकान्यात एजंटने ‘नाही’ लिहिलं. ‘तीन वर्षांनी कोणी विचारत नाही,’ म्हणाला.

अहो, विचारतात! आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायची मुदत असते ती सांगितलेल्या आजाराला. लपवलेल्याला नव्हे. पाच वर्षं हप्ते भरले तरी फसवणुकीचा मुद्दा कंपनीच्या हातात राहतोच. आणि इथे पकडायला हुशारी लागत नाही. मुलीच्या केस पेपरची पहिलीच ओळ असणार : ‘अटॅक्सियाची जुनी रुग्ण, अमुक सालापासून.’ क्लेम फेटाळतील, पॉलिसी रद्द करतील, मग तुम्हा नवराबायकोचंही कव्हर गेलं. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही. सही तुमची आहे. नव्या पॉलिसीच्या फॉर्मवरही तब्येतीचा प्रश्न असेल, तिथे काय लिहायचं ठरवलंय त्याने?

याच आठवड्यात कंपनीला खरं काय ते लिहून कळवा आणि पोच घ्या. प्रीमियम वाढेल, मुलीला वगळतील, कदाचित पॉलिसीच रद्द होईल. होऊ दे. शस्त्रक्रियेच्या तोंडावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मेडिक्लेम नाही असं धरूनच हिशेब करा. चौघांच्या कुटुंबाला दीनदयाळ कार्डावर, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेत, चार लाखांपर्यंत कव्हर आहे. ही शस्त्रक्रिया यादीत बसते का, ते बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा. ठेव मोडू नका, फक्त मुदत संपली की दोन बँकांत वाटून ठेवा, कारण एका बँकेतल्या ठेवींना विमा पाच लाखांपर्यंतच. अपंगत्वाचा दाखला 40 टक्के किंवा जास्त असेल तर जुन्या करप्रणालीत 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून सव्वा लाखाची.

पाठीला बांधायच्या पट्ट्याने बाक थांबेल आणि खर्च टळेल, ही आशाही हिशेबात धरू नका. या आजारात पट्टा सहसा बाक रोखू शकत नाही, आणि वाढीच्या वयात तो झपाट्याने वाढू शकतो. हृदयावरही परिणाम होतो, म्हणून आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) वगैरे तपासण्या येणार. शस्त्रक्रियेने कणा सावरेल, मूळ आजार जाणार नाही. फिजिओ, पुढे व्हीलचेअर, बाथरूममधले बदल, हा खर्च तुमच्या पगारातूनच होणार आहे.

आणि त्या पगाराचा विमा मात्र तुम्ही काढलेला नाही. साधी टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना पैसे देणारी, स्वतःच्या नावावर. फॉर्म स्वतः भरा.