कमी उत्पन्नावर बॅलन्स ट्रान्सफरचं कार्ड कसं निवडावं?

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे एका क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या, काही महिने शून्य किंवा कमी व्याज घेणाऱ्या कार्डावर हलवणं. तुमच्या प्रश्नातले आकडे असे: कार्डावर 60,000 रुपये थकलेत, व्याज महिन्याला 3 टक्के, घरखर्च भागवून कर्जासाठी महिन्याला 3,500 उरतात आणि उत्पन्न कमी असल्यामुळे नवं कार्ड मिळेल की नाही याची धास्ती आहे. यातला 3,500 हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. कार्डाची निवड त्यावरून करायची, जाहिरातीतल्या शून्य टक्क्यावरून नाही. म्हणून आधी तो आकडा खरा आहे ना, हे तपासा. गेल्या तीन-चार महिन्यांत औषधं, फी, दुरुस्ती अशा अचानक खर्चांनंतरही एवढे पैसे हातात राहत होते का? नसतील, तर 3,000 धरा. कमी धरलेलं परवडतं, जास्त धरलेलं नडतं.

आत्ता काय होतंय ते बघा. 60,000 वर पहिल्या महिन्याचं व्याज 1,800. तुम्ही 3,500 भरले तरी मुद्दल 1,700 नेच कमी होतं. असंच चालू ठेवलं तर कर्ज फिटायला जवळपास 25 महिने लागतील आणि व्याजात सुमारे 25,500 जातील.

आता समजा 3 टक्के फी घेऊन 12 महिने शून्य टक्के देणारं कार्ड मिळालं. फी 1,800, म्हणजे जुन्या कार्डाचं एका महिन्याचं व्याज. एकूण 61,800 झाले. वर्षभरात तुम्ही 42,000 भराल आणि 19,800 उरतील. त्यावर पुन्हा 3 टक्के व्याज लागलं, तरी आणखी सहा-सात महिन्यांत सगळं फिटेल. फी आणि व्याज मिळून खर्च साधारण 4,000. मुदतीत पूर्ण फिटणार नसेल तर ट्रान्सफर करूच नये, असं सरसकट सांगितलं जातं. ते मला पटत नाही, कारण वरच्या हिशोबात पूर्ण न फेडताही 21,000 हून जास्त वाचतात. मात्र मुदत संपल्यावर दर किती होणार, हे आधी विचारून घ्या. तो जुन्या दरापेक्षा जास्त असेल तर हिशोब नव्याने मांडावा लागेल.

फी नसलेलं पण सहाच महिन्यांचं कार्ड दिसलं तर मोह होतो. तुमच्या रकमेला ते महाग पडेल: सहा महिन्यांनंतर 39,000 उरतात आणि त्यांवर 9,000 च्या वर व्याज जातं. थकबाकी 20,000 असती तर मात्र बिनफीचं कार्डच घ्यावं, कारण ती सहा महिन्यांत फिटते. थकबाकी अधिक फी या बेरजेला महिन्याच्या रकमेने भागा. तुमच्या बाबतीत 61,800 भागिले 3,500 म्हणजे 18 महिने. एवढ्या मुदतीचं मिळालं तर उत्तम; नाही मिळालं तर त्याच्या जवळपासचं बघा.

आता मिळण्याचं. बँक निव्वळ उत्पन्न बघत नाही. उत्पन्नातला किती भाग आधीच हप्त्यांत जातो आणि गेल्या वर्षभरात हप्ते वेळेवर गेलेत का, हेही बघते. म्हणून अर्जात पगाराबरोबर निवृत्तिवेतन, अर्धवेळ काम, भाडं असं कागदावर दाखवता येणारं सगळं उत्पन्न लिहा. वाढवून काही लिहू नका. किमान उत्पन्नाची अट अर्जाआधी वाचा. तुम्ही तिच्याखाली असाल तर अर्ज वायाच जातो, शिवाय बँकेने केलेल्या चौकशीची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या अहवालात, राहते. थोड्या दिवसांत चार-पाच अर्ज झाले की पुढची बँक सावध होते. बऱ्याच ठिकाणी क्रेडिट स्कोअरला, म्हणजे त्या रिपोर्टवरून मिळणाऱ्या गुणांना, धक्का न लावता पात्रता तपासता येते. ती आधी करा आणि शक्यता सगळ्यात जास्त दिसेल तिथे एकच अर्ज करा. आपला रिपोर्ट काढून त्यात चुकीची थकबाकी पडलेली नाही ना, हेही आधीच बघा. एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर ट्रान्सफर सहसा होत नाही, त्यामुळे जुनं कार्ड ज्या बँकेचं आहे ती यादीतून वगळा.

कमी उत्पन्नाला खरी अडचण लिमिटची येते. कार्ड मंजूर होतं आणि लिमिट, म्हणजे कार्डावर जास्तीत जास्त वापरता येणारी रक्कम, निघतं 25,000. फीसुद्धा त्याच लिमिटमधून जाते आणि काही बँका लिमिटचा ठरावीक भागच ट्रान्सफरला देतात. म्हणजे जास्तीत जास्त 24,000 हलतील. तेवढेच हलवा, पण हलवा. जुन्या कार्डाचं महिन्याचं व्याज 1,800 वरून 1,080 वर येईल. त्यानंतर नव्या कार्डाची किमान देय रक्कम भरायची आणि उरलेले सगळे पैसे जुन्या, व्याज खाणाऱ्या कार्डावर टाकायचे. पुष्कळ जण उलट करतात, शून्य टक्क्याचं आधी फेडतात, आणि मिळालेली सवलत वाया घालवतात.

अटींच्या पानावर तीन जागा नीट वाचा. पहिली, ट्रान्सफर किती दिवसांत करायचं. ती तारीख उलटली की सवलतीचा दर जातो. दुसरी, एक हप्ता चुकला तर काय होतं. अनेक कार्डांवर शून्य टक्का तिथेच संपतो, म्हणून किमान रकमेचं ऑटो-पेमेंट पहिल्याच दिवशी लावा. तिसरी, व्याज माफ आहे की पुढे ढकललंय. पुढे ढकललेलं असेल तर मुदतीनंतर एक पैसा उरला तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज आकारलं जातं. तुमच्या रकमेवर असं कार्ड अजिबात घेऊ नका.

काही बँका शून्य टक्क्याऐवजी ठरावीक हप्ते बांधून देतात. त्यात दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर (उरलेल्या मुद्दलावरच), हे विचारा. एका वर्षाच्या हप्त्यांवर 12 टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात 21 टक्क्यांच्या पुढे जातं. तरी जुन्या कार्डाच्या महिना 3, म्हणजे वर्षाच्या 36 टक्क्यांपेक्षा ते बरंच.

नव्या कार्डावर खरेदी करू नका. सवलत फक्त हलवलेल्या रकमेला असते. बाकी चालू असताना केलेल्या खरेदीवर बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून पूर्ण व्याज लागतं.

किमान रकमाच भरता येत नसतील तर मात्र कार्ड बदलून काही साधणार नाही. मग सध्याच्या बँकेला लेखी कळवा, उत्पन्नाचा पुरावा जोडा आणि व्याज कमी करून हप्ते बांधून मागा. हे हप्ता चुकण्याआधी केलं तर बँक जास्त ऐकून घेते. 'कर्ज मिटवून देतो' म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

ट्रान्सफर मंजूर झालं तरी जुन्या कार्डावर रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत तिथली किमान रक्कम भरत राहा. मधे दोन-तीन आठवडेही जाऊ शकतात. जमा झाल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं. सगळी रक्कम हलवली म्हणून ते स्टेटमेंट न उघडणाऱ्यांना शे-दीडशेच्या बाकीवर विलंब शुल्क लागतं आणि रिपोर्टमध्ये हप्ता चुकल्याची नोंद होते. ती बाकी भरा, दोन स्टेटमेंट शून्याची येऊ द्या, आणि मगच ते कार्ड बंद करायचं की नुसतं ठेवायचं ते ठरवा.