काटा येतो तो थंडीनेच

प्रिय बाळा,

हिवाळ्यात तुमच्या घरी घरात बसून काय काय करतात, हे वर्गात सांगायचंय म्हणालीस. कुणी विणकाम सांगणार आहे, कुणी जिगसॉ. मग तू मला विचारलंस, "बाबा, आपल्या मराठी लोकांचं असं घरातलं काही आहे का? तू सांगतोस ते सगळं तर बाहेरचंच असतं." उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून लिहूनच देतोय. अडेल तिथे मला हाक मार, मी वाचून दाखवीन.

तू म्हणतेस ते खरंच आहे. आपल्याकडे थंडी म्हणजे बाहेर पडायचे दिवस. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला की सगळे कानटोप्या काढतात, पण नऊ वाजेपर्यंत गच्चीवर छान ऊन येतं. त्या उन्हात पाठ शेकत बसायचं, सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी शेतावर हुरडा खायला जायचं, रात्री शेकोटी. इथे कॅनडात, एडमंटनला बाहेर उणे वीस, आणि शाळेतून येऊन तू दूध पिईपर्यंत अंधार पडलेला. इथे कुठली गच्ची आणि कुठला हुरडा!

पण एक गोष्ट आपल्याकडेही घरातच होते, आणि तीही थंडीतच. संक्रांतीचा काटेरी हलवा.

तुझ्या बोरन्हाणाचा फोटो आठवतोय? काळं झबलं, डोक्यावर पांढरा मुकुट, हातात बासरी, आणि तू बासरीचं टोक चाटतेयस. ते सगळे दागिने हलव्याचे होते, आजीने केलेले. लहान मुलाची पहिली संक्रांत असो की नव्या सुनेची, हलव्याचे दागिने हवेतच. सुनेला मंगळसूत्र, बाजूबंद, नथसुद्धा हलव्याचीच करतात. एरवी सणाला टाळतात तो काळा रंग संक्रांतीला मुद्दाम घालतात, कारण काळं कापड ऊन शोषून घेतं आणि ऊब देतं. त्या काळ्यावर पांढरा हलवा काय खुलून दिसतो!

आता तो करतात कसा ते सांगतो. वर्गात सांगण्यासारखं खरं हेच आहे.

साखर आणि पाणी उकळायला ठेवायचं. त्यात चमचाभर दूध घातलं की साखरेची मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक गाळून घ्यायचा, अगदी नितळ. दोन बोटांत धरून पाहिला तर जेमतेम एक तार यावी, त्याहून घट्ट नको. मग पसरट कढईत किंवा परातीत थोडे तीळ घेऊन खाली अगदी मंद आच ठेवायची. आजीच्या लहानपणी शेगडीत निखारे असायचे आणि त्यावर राख पसरून आच कमी करायचे. त्या तिळांवर पाक घालायचा, तोही एकच छोटा चमचा, आणि बोटांनी तीळ हलवत राहायचे. आधी सगळे एकमेकांना चिकटतात. हलवता हलवता सुटे होतात, कोरडे होतात, आणि बोटांखालचा आवाज बदलतो. ओले तीळ गुपचूप सरकतात, सुकले की परातीवर खुळखुळायला लागतात. तो खुळखुळाट ऐकू आला की पुढचा चमचा. घाईने दोन चमचे घातले तर गोळा होतो, आच मोठी केली तर पाक पिवळा पडतो. असं आज तास-दोन तास, उद्या पुन्हा. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे दिसतात. तीन-चार दिवसांनी एखाद्या सकाळी बघावं तर प्रत्येक दाण्याला बारीक काटे फुटलेले असतात.

पाकातलं पाणी उडून जातं आणि साखरेचे स्फटिक दाण्यावर बसतात. पुढच्या चमच्यातली साखर त्यांच्यावर चढते आणि काटा वाढत जातो. हवा दमट असेल तर पाणी लवकर उडत नाही, हलवा चिकट राहतो. म्हणून आमच्याकडे ढगाळ दिवस निघाला की परात बंद, आणि हलव्याला बसायचं ते रात्री नाहीतर भल्या पहाटे, थंडी असेल तेव्हा.

आणि इथे? हल्ली घरात लोकरीचा स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. हवा किती कोरडी आहे त्याची ती खूण. उणे वीस अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प धरू शकते, वीस अंशांची सतरा ग्रॅम. बाहेरची तीच हवा आत येते, हीटरने तापते, पण तिच्यात बाष्पाची भर फारशी पडत नाही. तुझे ओठ फुटतात ते त्यामुळेच. पण हलव्याला याहून चांगली हवा शोधून सापडायची नाही. मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्यांना आपला हेवा वाटेल.

मला मात्र काट्यांपेक्षा परातीभोवतीची बैठक जास्त आवडायची. हे एकट्याचं काम नाही, बोटं शेकतात, म्हणून पाळ्या लागतात. ज्याची पाळी नसेल त्याने गप्पा मारायच्या, भेंड्या लावायच्या. बोटं पाकात असल्यामुळे कुणाला उठून दुसरीकडे जाताच येत नाही! मोठी माणसं एरवी सांगणार नाहीत अशा गोष्टी तेव्हा सांगायची. आजीच्या शाळेतल्या खोड्या मला परातीशीच कळल्या.

हलव्याचे तयार दागिने इथल्या भारतीय दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवता येतात, आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल मागवावेत. आपल्याकडे मात्र जानेवारीतल्या लांबच लांब संध्याकाळी आहेत. त्या असताना हलवा विकत आणायचा म्हणजे त्यातली मजाच दुसऱ्याला देऊन टाकायची, असं मला वाटतं.

तेव्हा वर्गात असं सांग की आम्ही थंडीला कामाला लावतो. बाईंना पटलं नाही तर मूठभर हलवा घेऊन जा, पण त्यात तीळ आहेत हे आधी सांग, काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते.

संक्रांत चौदा-पंधरा जानेवारीला येते, म्हणजे आठवडाभर आधी सुरुवात करायला हवी. तीळ आणलेत, खसखसही आणलीय, बारीक हलव्यासाठी. शनिवारी जेवणं झाली की तू तीळ निवडायला बस, मी पाक करतो. आजीला व्हिडिओ कॉल लावू. तिकडे तेव्हा रविवारची सकाळ असेल. पाकाची तार तीच बघून सांगेल, आणि पहिला चमचा तू घाल.

तुझा,
बाबा